नाव न लिहिता लिहिलेली एक ओळ (गणेशोत्सवानंतरचा अनुभव, तुमचंही सांगा)

सांजवात (इंदूर)

गणपती उठून तीन आठवडे झाले, पण एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून लिहायला बसले. जरा लांबेल.

मी राजेंद्रनगरात राहते. आमच्या कॉलनीत निम्मी घरं मराठी, बाकी मालवी, सिंधी, गुजराती. उत्सव सगळ्यांचा मिळून असतो. आमच्या ओळीत एक काकू आहेत, वय ७४. शाळेत संस्कृत शिकवायच्या. गेली १९ वर्षं उत्सवाच्या आधी महिनाभर त्या आपल्या ओसरीवर मुलांना अथर्वशीर्ष शिकवतात. एक पैसा घेत नाहीत. हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलंही येतात, आणि त्यांच्याकडून 'ज्ञ' म्हणून घेताना काकूंचा जो जीव रमतो तो बघण्यासारखा असतो.

यंदा मंडळातल्या तरुण मुलांनी सुचवलं की उत्सव झाल्यावर मोबाईलवर एक फॉर्म पाठवू या. नाव लिहायचं नाही, म्हणजे लोक मोकळेपणाने सांगतील. मला पटलं. फॉर्म मीच तयार केला. ४१ उत्तरं आली. भाजीत मीठ जास्त होतं, गाड्या गेटसमोर लावू नका, भोंग्याचा आवाज कमी करा. सगळं रास्त.

काकूंबद्दल चार होती. दोन साधी: सराव लवकर संपवा, मुलांचा अभ्यास राहतो. तिसरं हिंदीत: 'बुढ़िया को अब घर बिठाओ, माइक छोड़ती ही नहीं.' चौथं मराठीत होतं. अगदी शुद्ध, ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. 'स्वतःचा मुलगा विचारत नाही म्हणून दुसऱ्यांची मुलं गोळा करतात.' शेजारच्या रकान्यात फक्त वेळ. रात्री १ वाजून १२ मिनिटं.

ती ओळ मी पुसणार होते. पण तो तक्ता कमिटीतल्या नऊ जणांना उघडा होता. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत त्याचा फोटो काकूंच्याच मोबाईलवर जाऊन पोचला होता. काकू कुणाला काही बोलल्या नाहीत. ओसरीवर बाराही महिने अंथरलेली सतरंजी घडी करून आत ठेवली, एवढंच.

मला राग येतोच, पण त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो. आता दूध घ्यायला गेले, देवळात गेले, बागेत फिरायला गेले की भेटेल त्याच्या तोंडाकडे मी बघते. इतकं शुद्ध मराठी लिहिणारी घरं आमच्याकडे असून असून किती असणार? मनात यादी होते. त्या यादीतलं एकेक माणूस माझ्या सासूबाईंच्या आजारपणात रात्री-अपरात्री धावून आलेलं आहे. यातलं कुणीही काकूंच्या समोर बसून हे वाक्य बोललं नसतं, हे मी शपथेवर सांगेन. मग रात्री १ वाजता मोबाईल हातात घेऊन बसलेलं ते माणूस कोण होतं?

---

जुनी_इंदूर (इंदूर)

ताई, तुमचं वाचून पोटात कालवलं. हे मोबाईलनेच आणलं असं समजू नका. आमच्या घरी हे १९८३ साली पोस्टाने आलं होतं.

माझ्या आत्याचं लग्न ग्वाल्हेरला ठरलं होतं. तिथल्या लश्कर भागातलं चांगलं घर, साखरपुडा झालेला. महिन्याभरात त्यांच्याकडे एक निळं अंतर्देशीय गेलं. मुलीला फिट्स येतात, आईवडील लपवतात, खाली सही 'एक हितचिंतक'. आत्याला आयुष्यात कधी फिट आली नाही. त्या लोकांनी विचारायलाही कुणाला पाठवलं नाही. भाऊकाकांच्या हाती साखरपुड्याची साडी आणि अंगठी परत आली, आणि सोबत ते पत्र.

आजोबांनी ते पत्र फाडलं नाही. पत्र्याच्या पेटीत, घराच्या कागदांखाली ठेवलं. मी कॉलेजात असताना एकदा दाखवलं. डाव्या हाताने लिहिल्यासारखं वाकडंतिकडं अक्षर, पण 'ल' काढताना शेवटचा फाटा वर नेऊन वळवलेला. आजोबा म्हणाले, "हा ल मी ओळखतो." कोणाचा ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो माणूस आमच्याकडे दर दिवाळीला फराळाला यायचा आणि आजोबा त्याला आपल्या हाताने ताट वाढायचे, हे मला खूप पुढे, आजीकडून कळलं.

आत्याचं लग्न नंतर झालं. चांगलं झालं. पण पोस्टमनची सायकल दारात थांबली की ती अजूनही आत निघून जाते. तुम्ही जी यादी मनात करताय ना, ती आजोबांनी १७ वर्षं केली असणार. निनावी लिहिणारा ज्याच्याबद्दल लिहितो त्याचं नुकसान करतोच, पण आसपासच्या प्रत्येक भल्या माणसावर संशयाचा शिंतोडा उडवून जातो.

---

खारी_चहा (देवास)

अगदी खरं. आमच्याकडेही असं पत्र आलं होतं. माझ्या सासऱ्यांनी ते चुलीत घातलं आणि म्हणाले, ज्याला नाव नाही त्याला उत्तर नाही. मी ३१ वर्षं या घरात आहे.

---

मैत्रीण_गीताभवन (इंदूर)

मी समुपदेशक आहे, म्हणून सांजवातच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते.

ते माणूस तुमच्या यादीतलंच असू शकतं, आणि तुमच्या सासूबाईंसाठी धावून आलेलंही तेच असू शकतं. दोन्ही खरं असतं. इंटरनेटवर माणूस असा का सुटतो याची कारणं जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली मांडली. नाव लपलेलं, चेहरा लपलेला, उत्तर लगेच येत नाही, आणि समोरचा माणूस हळूहळू आपल्या डोक्यातलं एक पात्र होऊन जातो. त्या पात्राला आपण वाटेल ते बोलतो, कारण ते रडताना दिसत नाही. सुलर यांनी हेही नोंदवलं की याच मोकळेपणातून माणूस एरवी कुणाला न सांगितलेलं दुःखही बोलून जातो. बांध एकच, पाणी दोन्हीकडे वाहतं.

नाव झाकलं की हात सैल सुटतो, हे तर इंटरनेटच्या आधीच दिसलं होतं. १९६९ मध्ये फिलिप झिम्बार्डो यांनी तरुणींच्या दोन गटांना दुसऱ्या बाईला विजेचे झटके द्यायला सांगितलं (झटके खोटे होते, पण ते त्यांना माहीत नव्हतं). डोक्यावरून टोपडं ओढून ज्यांचं नाव-गाव झाकलं होतं त्यांनी बटण जवळजवळ दुप्पट वेळ दाबून ठेवलं.

पण मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते २०१२ च्या एका प्रयोगाने. इस्रायलमधल्या नोअम लापिदोत-लेफ्लर आणि अझी बाराक यांनी ७१ जोड्यांना एका वादाच्या प्रश्नावर चॅट करायला बसवलं. काहींना एकमेकांची माहिती दिली, काहींना नाही. काहींचे कॅमेरे चालू, काहींचे बंद. आणि काहींच्या बाबतीत कॅमेरा असा लावला की डोळ्याला डोळा भिडेल. भांडण, धमक्या, शिव्या यांत सगळ्यात मोठा वाटा नाव नसण्याचा निघाला नाही, डोळ्याला डोळा नसण्याचा निघाला.

माझ्याकडे येणारी नवरा-बायको एकाच घरात बसून मोबाईलवर भांडतात. दोघांना एकमेकांची नावं चांगली माहीत असतात. तेच शब्द माझ्यासमोर खुर्च्या समोरासमोर ठेवून वाचून दाखवा म्हटलं की तिसऱ्या वाक्याला आवाज अडकतो. दर वेळी.

---

सडेतोड (भोपाळ)

समुपदेशन वगैरे ठीक आहे, पण उपाय सरळ आहे. प्रत्येक खातं आधारला जोडा. खऱ्या नावाशिवाय कुणाला एक अक्षर लिहिता येऊ नये. माझ्या मुलीच्या फोटोखाली एका खोट्या खात्यावरून जे लिहिलं गेलं ते मी इथे लिहू शकत नाही. ती १६ वर्षांची आहे. महिनाभर शाळेत गेली नाही. ज्यांना लपायचं त्यांच्या मनात काळं असतं, एवढंच मला कळतं.

---

रात्रपाळी (इंदूर, सध्या बंगळूर)

सडेतोड काका, तुमच्या मुलीबद्दल वाचून फार वाईट वाटलं. मी माहिती-सुरक्षेच्या कामात आहे, म्हणून हे सांगणं माझं काम आहे असं समजून लिहितो.

तुम्ही म्हणता ते दक्षिण कोरियाने करून पाहिलंय. २००७ पासून तिथे मोठ्या संकेतस्थळांवर काही लिहायचं तर आधी ओळख पटवावी लागायची. आधी रोज ३ लाखांवर लोक येणाऱ्या स्थळांना, मग २००९ पासून १ लाखाच्या स्थळांनाही. सगळ्यांची खरी ओळख एका जागी साठत गेली, आणि २०११ मध्ये एकाच दरोड्यात सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरांच्या हाती गेली. २३ ऑगस्ट २०१२ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने तो नियम रद्द केला. वाईट मजकूर म्हणावा तसा कमी झाल्याचं दिसत नाही आणि लोक परदेशी स्थळांकडे वळले, हेही त्यांनी निकालात धरलं.

आणखी एक. झुरिकच्या संशोधकांनी जर्मनीतल्या एका अर्ज-मोहिमांच्या स्थळावरच्या ५ लाखांहून जास्त प्रतिक्रिया तपासल्या. २०१६ मध्ये ते छापून आलं. खरं नाव लावणारेच जास्त आक्रमक निघाले! ज्याला आपण न्यायाच्या बाजूने भांडतोय असं वाटतं, त्याला नाव लपवायची गरजच वाटत नाही. आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर बघा ना, तिथे तर प्रत्येकाचा नंबर, फोटो, कुळ-गोत्र सगळं माहीत असतं. निवडणुकीच्या महिन्यात तिथे काय भाषा असते?

---

सडेतोड (भोपाळ)

म्हणजे काय, काहीच करायचं नाही? कोरियाचं कोरियाने बघावं. माझी मुलगी घरी रडत बसली होती, कोरिया नाही.

---

अबोली_७ (इंदूर)

मी इथे तीन वर्षं वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. सडेतोड काकांच्या "ज्यांना लपायचं त्यांच्या मनात काळं असतं" या वाक्याने लिहायला लावलं.

माझे यजमान दारू पीत होते. नोकरी, घर, माझे दागिने, सगळं गेलं. आमच्या दोन्ही घरांत मान आहे, मी कुणाला काय सांगणार? बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात मी रात्री एका अनोळखी नावाने, फोटो न लावता, बायकांच्या एका समूहात लिहिलं की मला जगावंसं वाटत नाही. माझं नाव लावायचं असतं तर ते मी कधीच लिहिलं नसतं. पहाटेपर्यंत अकरा बायका जाग्या होत्या. त्यातल्या एकीचंही नाव मला आजपर्यंत माहीत नाही. एकीने सांगितलं, आत्ता बाळाला घेऊन शेजारी जा, काही सांगू नकोस, नुसती बस. मी गेले. शेजारच्या वहिनींनी काही न विचारता चहा टाकला.

पुढे यजमान अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीला जाऊ लागले. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या त्या संस्थेच्या नावातच 'निनावी' आहे. तिथे आडनाव विचारत नाहीत, हुद्दा विचारत नाहीत. पहिल्या दिवशी ते आत गेले ते केवळ एवढ्याचसाठी. आता पाच वर्षं झाली.

काका, माझ्या मनात काळं नव्हतं. अंधार होता.

---

खारी_चहा (देवास)

अबोली, बाळ आता शाळेत जात असेल ना? खूप आशीर्वाद.

---

कोरी_पाटी (इंदूर)

मी सांजवात ताईंच्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो, कारण मी ते माणूस होतो. तुमच्या कॉलनीतला नाही. पण तसाच.

तेव्हा २२ वर्षांचा होतो. नोकरी लागत नव्हती, विजयनगरला तिघं मित्र खोली घेऊन राहत होतो. त्यातल्या दोघांना नोकऱ्या लागल्या. रात्री मी एकटा जागा. एका खोट्या नावाचं खातं होतं, त्यावरून लोकांच्या व्हिडिओखाली लिहायचो. मजा यायची का? नाही. पण दिवसभर माझं कुणी ऐकत नव्हतं आणि तिथे लिहिलं की कुणीतरी चिडायचं. म्हणजे मी कुठेतरी लागायचो.

एक मुलगी घरच्या देवघरासमोर बसून नाट्यगीतं म्हणायची. मागे निरांजन, कुकरची शिट्टी, सगळं ऐकू यायचं. तिच्याखाली मी लिहिलं की हिला कुणीतरी गप्प करा, आणि तिच्या दिसण्याबद्दलही एक ओळ लिहिली. ती ओळ मला पाठ आहे, इथे लिहिणार नाही. दोन तासांनी तिचं उत्तर आलं: "दादा, माझं कुठे चुकलं ते सांगाल का? मी अजून शिकतेय."

त्या 'दादा'वर मी थांबलो. माझी बहीण मला अशीच हाक मारते. त्या हाकेने तिला तोंड आलं, आवाज आला, मागचं घर आलं. मी खातं बंद करून टाकलं. आणि मोठी चूक तीच केली, कारण क्षमा मागायला त्या नावाने परत जाता आलं नाही. मी दुसऱ्या नावाने गेलो असतो तर तिला कसं कळणार की हा तोच? तिने नंतर चार-पाच व्हिडिओ टाकले आणि मग टाकायचं बंद केलं. माझ्यामुळे की कशामुळे, मला कळायला मार्ग नाही. नऊ वर्षं झाली.

---

मैत्रीण_गीताभवन (इंदूर)

कोरी_पाटी, हे लिहायला धैर्य लागतं. मागे कुकरची शिट्टी होती हे तुम्हाला नऊ वर्षांनी आठवतंय, म्हणजे तुम्ही त्या मुलीला अखेर पाहिलंत.

---

कोर्टकचेरी (इंदूर)

वकिली करतो, म्हणून नेमकं तेवढंच.

१. सडेतोड, मुलीची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा. स्क्रीनशॉट, खात्याचा दुवा, तारीख-वेळ जपून ठेवा. मजकूर पुसू नका, तोच पुरावा. खोटं नाव म्हणजे अदृश्य नाव नव्हे. पोलिसांनी कायदेशीर मागणी केली की कंपनीकडून माहिती मिळू शकते. लक्षात घ्या, बायका-मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी त्याच पोर्टलवर आपलं नाव न देता तक्रार करायची सोय आहे. अत्याचार करणारा नाव लपवतो, आणि सोसणाऱ्यालाही बोलता यावं म्हणून नाव लपवू द्यावं लागतं. म्हणून सरसकट बंदी मला पटत नाही.

२. नाव लपवून धमकी दिली तर गुन्हा वाढतो. पूर्वी भादंविचं कलम ५०७ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५१(४). धमकीच्या शिक्षेवर आणखी २ वर्षांपर्यंत कैद.

३. सांजवात, तुमच्या काकूंच्या बाबतीत मी पोलिसात जा असं म्हणणार नाही. कुणाला खुपेल असं लिहिणं हा आपोआप गुन्हा होत नाही. 'त्रासदायक' मजकुरावर अटक करू देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, आणि ते योग्यच झालं. प्रत्येक घाव कोर्टात भरून येत नाही.

---

जुनी_इंदूर (इंदूर)

कोरी_पाटीचं "त्या नावाने परत जाता आलं नाही" हे वाक्य मला फार मोठं वाटतं. एक नाव लपवण्यासाठी घेतात आणि एक नाव वागवण्यासाठी घेतात, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने बायकांच्या मनातलं लिहिलेला कथासंग्रह आला तेव्हा केवढं वादळ उठलं! ही बाई कोण, बाईच आहे का, शोधून काढा, म्हणून लोक हात धुऊन मागे लागले. त्या नावामागच्या मालती बेडेकरांना ते नाव ढालीसारखं लागलं. पण त्या नावाने लिहिलेल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी त्यांनी घेतली, पुढेही त्याच नावाने लिहीत राहिल्या. गोविंदाग्रज, केशवसुत, कुसुमाग्रज, आपल्याकडे टोपणनावाला खऱ्या नावाइतकी अब्रू आहे.

मी 'जुनी_इंदूर' हे नाव १२ वर्षं लावतोय. माझं खरं नाव इथे दोघा-तिघांना माहीत असेल. पण या नावाला कुणी थुंकेल असं मी काही लिहिणार नाही. आणि 'एक हितचिंतक' या सहीला मात्र उद्या सकाळी तोंड दाखवायचं नसतं.

---

सडेतोड (भोपाळ)

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद माझ्या बायकोला वाचून दाखवला. ते वाक्य मी मागे घेतो. पोर्टलवर तक्रार आज केली. मुलीला विचारूनच केली. पण १६ वर्षांच्या मुलीच्या बापाला खोट्या खात्याबद्दल सहनशील व्हा असं कुणी सांगू नये, ते मला जमणार नाही.

---

अबोली_७ (इंदूर)

नका होऊ काका. माझी मुलगी असती तर मीही झाले नसते.

---

सांजवात (इंदूर)

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. काल काकूंकडे जाऊन आले.

घरी केलेला चिवडा घेऊन गेले होते. मी काही सुरू करायच्या आतच त्यांनी चष्मा लावला, मोबाईलवरचा तो फोटो काढला आणि म्हणाल्या, "हे वाचून दाखव मला. मोठ्याने." मला वाचवेना. मैत्रीण_गीताभवनने लिहिलंय तसंच झालं, 'गोळा करतात'पर्यंत पोचलेच नाही. काकूंनीच पुढचं वाचलं. मुलाबद्दलच्या वाक्यावर त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. बराच वेळ दोघी गप्प होतो. मग म्हणाल्या, "माइक मी सोडत नाही हे त्या हिंदीवाल्याचं खरं आहे गं. मुलं चुकली की मला राहवत नाही, मी मधेच सूर लावते. हे कुणी ओट्यावर बसून सांगितलं असतं तर पुढच्या दिवसापासून खाली बसले असते."

मी यादीबद्दल त्यांना सांगितलं. त्या रागावल्या. म्हणाल्या, यादी फाडून टाक, मला अजून या सगळ्यांच्या घरी हळदी-कुंकवाला जायचंय.

मंडळात मी एवढं मांडलं आणि ते मान्य झालं: पुढच्या वर्षी फॉर्मवर नाव लिहायचं, पण ते फक्त एका व्यक्तीला दिसेल आणि ती कुणाला सांगणार नाही. एखाद्या माणसाबद्दलची तक्रार असेल तर ती व्यक्ती लिहिणाऱ्याला एकदा भेटेल. तक्ता नऊ जणांना उघडा ठेवणं ही माझी चूक होती, तेही सभेत सांगितलं.

निघताना काकूंनी कपाटातून त्यांची अथर्वशीर्षाची वही काढली. बोटभर मोठं अक्षर, आणि कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, त्या जागी लाल पेनच्या खुणा. सिंध्यांच्या धाकट्या मुलीच्या आईचा फोन आला होता म्हणे, शनिवारपासून तिला एकटीला पाठवते म्हणाली. सतरंजी अजून आतच होती. वही माझ्या हातात देत म्हणाल्या, "हिच्या दोन प्रती काढून आण. आणि रंगीतच काढ हो, साध्या झेरॉक्समध्ये लाल खुणा काळ्याच दिसतात, पोरीला कळायचं नाही कुठे थांबायचं."